टाळ्या मिळाल्या त्या जुन्या रेकॉर्डिंगला

मित्रांनो, आज सकाळच्या सीताबर्डीतल्या कार्यक्रमाचे माझे व्हिडिओ तुम्ही टाकताय. कृपया थांबा.

मी सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यातल्या सगळ्यांत उंच पट्टीत गाणारी. त्यात पॉप मिसळून गाते, म्हणून तुम्ही मला ओळखता. पण गेले काही महिने माझा वरचा सूर फाटतोय. आज तो सूर आला तेव्हा मी नुसते ओठ हलवले. वाजलं ते माझंच जुनं रेकॉर्डिंग होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पहिल्या रांगेत माझ्या मिस होत्या. सदरला त्यांच्या घरी मी अकरा वर्षं गाणं शिकले. नंतर त्यांनी हळूच विचारलं, "घसा दुखून राहिला काय वं?"

"नाही मिस, ठीक आहे."

"मग त्या वरच्या सुराआधी श्वास काहून नाही घेतला तू?"

मला मान वर करता येईना. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू मले सांगायचं होतं ना. पट्टी खाली घेतली असती आपण."

ते "आपण" ऐकून मी तिथेच रडले.

आयोजकांना फोन करून खरं सांगितलंय. आता तुम्हालाही सांगतेय. उद्यापासून मिसकडे पुन्हा शिकायला बसणार आहे.

खालच्या पट्टीत गायले, तर ऐकाल का?