नैरोबीच्या विमानतळावर उधळलेला मसाला

परदेशी जाताना सामानात काय न्यावं, याचा सल्ला माझ्याकडून कोणी घेऊ नये, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. (माझंही मत त्यात धरलेलं आहे.)

माझी धाकटी बहीण शुभा नवऱ्याच्या नोकरीमुळे नैरोबीला असते. तिला मुलगी झाली म्हणून आई, माझी बायको नीता आणि मी मुंबईतल्या चारकोपहून निघायची तयारी करत होतो. शुभा फोनवर सांगायला लागली, "दादा, ऐक ना, सामान भरताना एक गोष्ट..."

"अगं, मी सगळे व्हिडिओ बघितलेत! तू बाळाकडे बघ!"

मग "आफ्रिका म्हणजे भट्टी!" असं जाहीर करून मी सगळ्यांचे स्वेटर बॅगेतून बाहेर काढले. त्या जागी आईचा मालवणी मसाला, चिवडा, कोकमं आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू! वास सुटू नये म्हणून प्रत्येक पुडा प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसरीत, दुसरी तिसरीत!

नैरोबीला तपासणीच्या बाईंनी बॅग उघडली आणि त्यांचे डोळेच विस्फारले. शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्या देशात या पिशव्यांना बंदी आहे. सगळ्या इथेच काढून ठेवा."

मी विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या!"

"काय म्हणता गो ती?" आईने नीताला विचारलं.

"पिशव्या काढायच्या, आई."

"आणि माझो मसालो? तो काय पदरात बांधून न्हेव?"

मी नुसता बॅगेकडे बघत उभा. नीता कडाडली, "बघतोस काय? कपडे काढ!"

"इथे?"

"बॅगेतले रे!"

लाडू माझ्या नव्या मोज्यांत गेले. चिवडा पायजम्याच्या पायांत, दोन्हीकडे गाठी मारून. कोकमं पांढऱ्या सदऱ्यात. (तो पुन्हा कधी पांढरा झाला नाही.) मसाल्याची पिशवी मात्र सुटेना. मी जोर लावला आणि ती फाटली! लाल धुरळा उडाला! बाई शिंकल्या, मागची अख्खी रांग शिंकली. वाट लागली! सगळ्यांना हात जोडून माफी मागितली आणि त्याच हातांनी मी तोंडावरचा घाम पुसला.

आई गं! डोळ्यांत निखारेच!

उरलासुरला मसाला नीताने ओढणीत बांधला आणि मला धरून बाहेर आणलं. जुलैचा महिना, उंचावरचं शहर, बोचरा वारा आणि मी हाफ पॅन्टमध्ये!

"हीच काय रे तुझी भट्टी?" आईचे दात वाजत होते. "माका हीव भरला!"

तेवढ्यात शुभा बाळाला घेऊन धावत आली. माझे घळाघळा वाहणारे डोळे बघून जागच्या जागी थबकली.

"दादा! अरे, भाचीला बघून एवढं रडतोस?"

असं म्हणून तीच माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. तिच्या मागून आलेल्या जावईबापूंनीही चष्मा काढून डोळे टिपले. मला तर भाची अजून दिसलीच नव्हती!

तेव्हापासून दोन्ही घरांत माझा 'हळवा मामा' म्हणून लौकिक आहे. मीही तो खोडून काढत नाही. हुशार म्हणून लौकिक होण्याची आशा आता कुणालाच नाही!