कोऱ्याचं वजन

“कितीदा सांगू, दुधाचा काटा हाय त्यो. बाया तिथं कॅन ठेवतात आन् तुमी उंदीर ठेवला.”

“उंदीर न्हाई. गिनीपिग हाय.”

“छबुबाईनं उंदीरच पाहिला. दारातून आत आली आन् बघती तर आमचे मालक काट्यावर तसराळं ठेवून उंदीर जोखायलेत. आता गावभर सांगत असंल. आधीच संस्थेत दूध किती राहिलंय? चाळीस लिटर. त्यातल्या चार बायांनी सोडलं तर दाराला कुलूपच घालायचं.”

“नंतर धुतला की मी काटा.”

“कशानं? पाण्यानं?” साखराबाईने हातातलं फडकं खाली टाकलं. “टँकर येऊन चार दिस झाले. मी म्हशीला मोजून पाणी पाजायले आन् तुमी काटा धुता.”

शहादेव खाली मान घालून बसला होता. उजव्या हाताचा पंजा पोटाशी धरलेला, आणि त्यात पांढरं, बिनशेपटीचं, सशाच्या पिल्लाएवढं जनावर. त्याचे कान पातळ होते आणि पाठीचं हाड केसांतून कळत होतं.

“सहाशे चाळीस ग्रॅम,” शहादेव म्हणाला. “मागल्या सोमवारी सहाशे ऐंशी होता. दिवाळीला साडेनऊशे. चार महिन्यांत तिसरा हिस्सा गेला त्याचा. कशानं गेला ते मला कळंना.”

“म्हशीचं दूध कशानं गेलं ते कळतं का?” साखराबाई म्हणाली आणि फडकं उचलून काटा पुसायला लागली. कोरड्याच.

घाटनांदूरजवळच्या या गावात महिलांची दूध संस्था होती आणि साखराबाई तिची सचिव. संकलन घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. चांगल्या साली सकाळी कॅनची रांग रस्त्यापर्यंत जायची. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मात्र बहुतेकींची जनावरं चारा छावणीत बांधलेली होती आणि बाया लिटर-लिटरच्या बरण्या घेऊन येत होत्या. संस्थेची गाडी आठवड्यातून दोनदा गेवराईकडून, नदीकाठच्या कुणाच्या तरी विहिरीवरून, लसूणघास आणायची. तो घास फक्त दुभत्या जनावरांना, यादीप्रमाणे. साखराबाईची एकच म्हैस यादीत होती. तिच्या पेंडीतून शहादेव रोज एक मूठ काढून घ्यायचा. यावरून घरात महिनाभर धुसफूस होती. काटा हे निमित्त झालं.

शहादेव एकतीस वर्षं अंबाजोगाईच्या एका कॉलेजात नोकरीला होता. कॉलेजातल्या मुलांना औषधांचे प्रयोग शिकवायचे तर जनावरं लागायची, आणि ती ठेवायची खोली शहादेवच्या ताब्यात होती. ससे, पांढरे उंदीर, गिनीपिग. सकाळी सातच्या एसटीने जायचं, पिंजरे खरवडायचे, घास टाकायचा, बाटल्या भरायच्या. सोमवारी सगळ्यांची वजनं घ्यायची, कारण औषध किती टोचायचं ते वजनावर ठरायचं. ओळखू यावं म्हणून मुलं जनावरांवर पिवळ्या औषधाचा ठिपका लावायची. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या ढुंगणावर. प्रयोगाच्या वेळी जनावर धरायचं काम शहादेवचंच. त्याच्या पंजात जनावर ओरडत नाही अशी त्याची ख्याती होती. नवे मास्तरही आधी त्याच्याकडून धरायला शिकायचे. प्रयोग झाल्यावर उरलेलं कामही त्याचंच होतं. ते तो मागच्या बाजूला, एकटा, पटकन उरकायचा. घरी कधी त्याबद्दल बोलला नाही. साखराबाईने लग्नानंतर एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाला, “नोकरी हाय.”

तो निवृत्त झाला त्याच साली कॉलेजात कॉम्प्युटरवर प्रयोग दाखवायला लागले. खोली रिकामी करायची ठरली. शेवटी एक गिनीपिग राहिला, महिना-दोन महिन्यांचा. त्याच्यावर अजून कुणी ठिपका लावलेला नव्हता. विभागाच्या मॅडम म्हणाल्या, शहादेव, हा तुम्ही घेऊन जा. त्याने तो पिशवीत घालून एसटीतून आणला. खूण नसलेला म्हणून त्याला तो कोरा म्हणायचा. बाकी घर उंदीर म्हणायचं. मुलगा बद्रीनाथ टँकरवर ड्रायव्हर होता, तो घरी आला की म्हणायचा, “काय म्हणतोय तुमचा पेन्शनर?”

पाच वर्षं कोरा चांगला राहिला. पितळीचा आवाज झाला की शिट्टी मारल्यासारखा ओरडायचा. शहादेव त्याला जवळ घेऊन ओसरीवर बसायचा, कुणी हसलं तरी हलायचा नाही.

त्या सोमवारनंतर शहादेवने तपास हातात घेतला. कॉलेजात शिकलेला क्रम त्याला पाठ होता. आधी नाक, डोळे. ते स्वच्छ होते. मग केस उलटे फिरवून उवा बघितल्या, नव्हत्या. पोट दोन बोटांनी चाचपलं, गाठ लागली नाही. पिंजऱ्यात वर्तमानपत्र घालून लेंड्या मोजल्या. त्या थोड्या होत्या आणि बारीक. म्हणजे आत काही जात नव्हतं. पण पितळी तर रोज संध्याकाळी रिकामी असायची. सकाळी टाकलेला घास साफ. मग तो खातो कोण?

घरात तिसरं माणूस एकच होतं. सून जानकी. तिची एक शेळी होती. शेळी दुभत्या जनावरांच्या यादीत बसत नव्हती.

बुधवारी दुपारी तो जेवण करून खोलीत आडवा झाला, पण दार अर्धं उघडं ठेवलं. चारच्या सुमाराला जानकी आली, पिंजऱ्याचं दार उघडलं, पितळीतला घास गोळा केला आणि पदरात घेतला.

“ठेव तिथं,” शहादेव म्हणाला.

ती दचकली, पण घास खाली ठेवला नाही.

“तरीच. चार महिने त्यो वाळतोय आन् मी लेंड्या मोजायलोय. मुक्या जनावराच्या तोंडातला घास काढून शेळीला घालतीस? तुला कमी पडलं तर मला मागायचं.”

“मी तोंडातला काढला न्हाई मामा.”

“मंग हातात काय हाय?”

“उरलेला हाय. त्यो खातच न्हाई.” जानकीचा आवाज चढला नव्हता, पण मान ताठ झाली होती. “तुमी सकाळी टाकता. त्यो पळत येतो, काडी तोंडात घेतो, डोकं हालवतो आन् टाकून देतो. मंग दुसरी घेतो, ती बी टाकतो. लाळ गळती त्याची, हनुवटी बघा कशी ओली झालीय. दोपारपर्यंत घास वाळून जातो. एवढं हिरवं फेकून द्यायचं का? म्हणून शेळीला टाकते.”

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून तरी.”

“आन् सांगितलं न्हाई?”

“तुमी विचारलं कवा? एवढी वर्षं नोकरी केली तुमी त्यांच्यात. मी काय सांगणार तुमाला?”

स्वयंपाकघरातून साखराबाई म्हणाली, “खरंय तिचं. एकदा मी म्हटलं, उंदीर वाळायला लागला, तर म्हणले, तुला काय कळतं.”

शहादेव उठून पिंजऱ्याजवळ बसला. जानकीने पदरातला घास परत आत टाकला. कोरा धावत आला. त्याने काडी धरली, दोनदा जबडा हलवला, मान वाकडी केली. काडी खाली पडली. त्याने ती पुन्हा उचलली. शहादेव संध्याकाळचं दूध यायला लागेपर्यंत तिथेच बसून होता. तेवढ्या वेळात कोऱ्याने एकही काडी गिळली नाही, आणि धावून यायचंही थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कोऱ्याला दुरडीत घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि छावणीवर गेला. दोन कोस चालत. हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा होत्या. गुरांचे डॉक्टर एका बैलाचा खूर बघत होते. तरुण होते, कपाळावर घाम आणि धूळ. दुरडीत डोकावून म्हणाले, “काका, हे आमच्या यादीतलं नाही.”

“माहितीय. एकतीस वर्षं कॉलेजात असलीच जनावरं सांभाळली मी. ह्याचं वजन कमी व्हायलंय. तोंडात घेतो आन् टाकतो.”

डॉक्टरांचे हात थांबले. “धरता येईल का तुम्हाला?”

शहादेवने धरलं. डॉक्टरांनी चिमट्याने गाल बाजूला केला आणि छोट्या बॅटरीने आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यालाही दाखवलं. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढल्या होत्या आणि जिभेवर कमान धरल्यासारख्या एकमेकींना टेकल्या होत्या. जीभ त्याखाली अडकली होती. एका बाजूने कापली गेली होती.

“यांचे दात मरेपर्यंत वाढतात,” डॉक्टर म्हणाले. “खरबरीत काही चावून चावून झिजतात. काय देत होतात?”

“घास कमी झाला तसं दिवाळीपासून भाकर. दुधात भिजवून, कुस्करून. थोडी सरकीची पेंड.”

“आणि कडबा?”

“कडबा म्हशीला. ह्याला कडबा कसा घालायचा साहेब. म्हातारं जनावर, मऊ द्यावं म्हणून...” तो थांबला. त्याचे स्वतःचे वरचे दात सगळे गेले होते. स्वतःसाठी दोन भाकरी भिजवायच्या त्यात कोऱ्याची तिसरी, असं ते चाललं होतं.

“कडब्याचा वाळका पाला घातला असता तरी चाललं असतं. मऊ खाण्याने दाढा झिजल्याच नाहीत. वयामुळे जरा तिरप्या झालेल्याच असतात, मग अशा वाढतात.” डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. “पण तुम्ही तर एवढी वर्षं हेच काम केलंत म्हणता. तिथं असलं कधी पाहिलं नाही?”

शहादेवने फडकं सारखं केलं.

“तिथं म्हातारं कुणी झालंच न्हाई,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी मग कामाचं सांगितलं. परभणीला मोठा दवाखाना आहे, तिथे भूल देऊन दाढा घासता येतील. या वजनावर भूल झेपेल असं वाटत नाही. झेपली तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच, दर वेळी. नाहीतर घास बारीक वाटून बिनसुईच्या सिरिंजने तोंडात सोडा, जाईल तेवढे दिवस. सिरिंज त्यांनी आपल्या पेटीतून काढून दिली आणि बैलाकडे वळले.

घरी आल्यावर शहादेवने जानकीला सगळं सांगितलं. तिची माफी मागितली नाही. सिरिंज तिच्यापुढे ठेवून म्हणाला, “पाट्यावर घास वाटशील का? माझ्या हाताला कंप हाय.” पंजाला कंप नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जानकीने पाटा धुतला नाही, नुसता पुसला, आणि घास वाटायला घेतला.

तीन दिवस तसं चाललं. साखराबाईने पेंडीतली मूठ स्वतःच काढून द्यायला सुरुवात केली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शनिवारी दूध घालायला आलेल्या छबुबाईने ओसरीवर बघितलं. “सुनबाई, उंदराला बाळकडू का काय ग?” जानकी म्हणाली, “तुमचं दूध पातळ लागतंय म्हणून तक्रार हाय त्याची, मावशी.” छबुबाई फणफणत आत गेली. तिने दूध घालणं बंद केलं नाही. दुसरं संकलन चार मैलांवर होतं.

शहादेव धरायचा, जानकी सिरिंज दाबायची. पहिल्या दिवशी कोऱ्याने निम्मं तरी गिळलं. दुसऱ्या दिवशी हिरवा लगदा ओठांच्या कडेने परत यायला लागला. रविवारी लगद्यात लाल रेघ दिसली. जानकीने पदराने त्याची हनुवटी पुसली आणि दुसरा घोट भरला. सिरिंज पुढे आली तसा कोरा ओरडला.

एवढ्या वर्षांत शहादेवच्या हातात जनावर ओरडलेलं तिने ऐकलं नव्हतं. त्यानेही ऐकलं नव्हतं. त्याने पकड बदलून पाहिली, सैल केली, अंगठा मानेखालून काढला. कोरा पुन्हा ओरडला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.

“पोटात काहीच न्हाई त्याच्या मामा. एवढा एक घोट.”

“ऱ्हाऊ दे म्हटलं.”

दुपारी जेवायला बसल्यावर तो भाकरीला शिवला नाही. बद्रीनाथ त्या दिवशी टँकर घेऊन गावात आलेला होता, तोही पानावर होता. पिंजरा कोपऱ्यात होता. पितळ्या वाजल्या तसा कोरा उठून जाळीला लागला आणि शिट्टी मारायला लागला. ती पहिल्यासारखी नव्हती, नुसती हवा निघत होती.

“आजून भूक हाय त्याला,” साखराबाई म्हणाली. “त्योच तर वंगाळ हाय. ढोरं तरी शेवटाला खाणं सोडतात.”

“परभणीला नेऊ का?” बद्रीनाथ म्हणाला. “मंगळवारी गाडी रिकामी जाती.”

“भूल देतील आन् उठणार न्हाई. उठला तर पुढल्या महिन्यात परत न्यायचा.” शहादेवने मान हलवली. “मी एवढे मारले, पर भुकेनं एक बी मरू दिला न्हाई.”

त्या कामाचं नाव त्याने घरात पहिल्यांदाच घेतलं होतं. जानकीने ताटातला हात थांबवला.

“मंग डॉक्टरला बोलवायचं का? सुई देतील ते,” ती म्हणाली.

“त्यांना धरता येत न्हाई त्याला.” शहादेवने ताट बाजूला सारलं, हात धुतला नाही, कोरड्या फडक्याला पुसला. “उद्या सकाळी, दूध यायच्या आधी, मी माझ्या हातानं त्याला मारणार हाय. जानकी, उद्यासाठी घास वाटू नको. आन् बद्री, तू आजच घराच्या मागं खड्डा काढून ठेव, दोन हात खोल, कुत्री उकरतात.”