एका दमात नाव, नंबर, गाव

माझं शेवटचं पोस्टिंग पलटणीने नाही, एका सिक्युरिटी एजन्सीने काढलं. ठिकाण पावणे, खाडीकाठचं गाव. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी सानपाड्याच्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही कारखान्यांनी मिळून माजी सैनिकांची एक तुकडी ठेवली होती. गेटवर पहारा हे रोजचं काम. आग लागली, अपघात झाला तर पहिली धावही आमचीच. तुकडीचे प्रमुख सुभेदार दौलत शेडगे, पाटणकडचे. त्यांच्या हाताखाली मी आणि पाच जवान. जवान म्हणायचं इतकंच, सगळे चाळिशीला टेकलेले होते.

हल्ली सोसायटीतले लोक जिमला जातात आणि येऊन मला विचारतात, सावंतसाहेब, इंटरव्हल चांगलं की एका लयीतलं कार्डिओ? मला हसू येतं. ही नावं आम्हाला ठाऊक नव्हती, पण हेच भांडण मी आणि सुभेदारसाहेब रोज सकाळी भांडत होतो.

माझी पद्धत सरळ होती. कारखान्यांमागच्या मैदानातून निघायचं, खाडीच्या बांधापर्यंत जायचं आणि परत यायचं. चाल एकच ठेवायची. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, इतपतच पळायचं. पलटणीत मी शेकडो पोरं अशीच तयार केली होती. अशी माणसं लवकर थकत नाहीत आणि त्यांचं डोकंही थंड राहतं.

सुभेदारसाहेबांना हे अळणी वाटायचं. त्यांची शिट्टी वाजली की जीव तोडून पळायचं. पुन्हा वाजली की चालत मैदानाच्या कडेच्या नळापाशी यायचं, सावधान उभं राहायचं आणि एका दमात आपलं नाव, फौजेतला नंबर आणि गाव सांगायचं. सलग सांगितलं तर साहेब म्हणायचे, "जा." मधे श्वास तुटला तर म्हणायचे, "दम खा." मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. यातून कुणाची सुटका नव्हती. ते स्वतः पळाले की ऐकायला मला उभं करायचे.

"सावंत, तुझी माणसं दिसभर पळतील," ते म्हणायचे. "पर आग काय दिसभर थांबती व्हय?"

"तुमची माणसं चार धावांत आडवी होतील, साहेब."

"म्हणून तर नळापाशी थांबवतो. पळाय कुणालाबी येतं. थांबाय शिकवाय लागतं."

मी मनात म्हणायचो, म्हातारा हट्टी आहे. तेही माझ्याबद्दल असंच काहीतरी म्हणत असणार. शेवटी तडजोड झाली. सोम, बुध, शुक्र माझे आणि उरलेले दिवस त्यांचे.

त्या दिवशी सकाळी त्यांची पाळी होती. दहाच्या सुमाराला वायरलेस वाजला. गेटवर नाईक काळे होता, इकडे सुभेदारसाहेबांनी उचलला.

"बेस, गेट तीन. बर्फाच्या कारखान्यातून पांढरा धूर. वास अमोनियाचा. ओव्हर."

"गेट तीन, बेस. वारा कुनीकडं? ओव्हर."

"खाडीकडे. पाड्यावर चाललाय. ओव्हर."

"आलो. आउट."

बर्फ गोठवायची यंत्रं अमोनियावर चालतात. पाइप फुटला की डोळे उघडत नाहीत, घसा आवळतो आणि चार श्वासांत माणूस कोसळतो. आम्ही पोचलो तेव्हा फाटकापाशी कामगार खोकत बसले होते. फोरमन धावत आला.

"साहेब, चार जण आत राहिलेत. तिघं दाराजवळच्या टाकीपाशी, एक कॉम्प्रेसर रूममध्ये."

सिलिंडरवाले मास्क आमच्याकडे दोनच होते. एक भरायला गेला होता, दुसऱ्याचा वॉल्व्ह उघडेना. बंब निघाला होता, पण ट्रकांच्या गर्दीतून यायला वेळ लागणार होता. सुभेदारसाहेबांनी गोणपाटं नळाखाली भिजवायला लावली आणि होजपाइप दारावर धरायला सांगितला. अमोनिया पाण्यात विरघळतो, एवढाच आधार होता.

"जोडीजोडीनं आत. श्वास कोंडून जायचं, माणूस वढायचा आन् भाईर. नळापाशी नाव, नंबर, गाव. सलग न्हाई आलं तर दुसऱ्यांदा आत न्हाई." मग माझ्याकडे वळले. "सावंत, पाडा तुझा. न थांबता पळ. सगळी वाऱ्याच्या आडवी काढ. शेवटचं घर झाल्याबिगर माघारी यायचं न्हाई."

मी पळालो. कारखान्यामागे खाडीच्या अंगाला तीसेक घरं होती. धूर जमिनीलगत सरकत येत होता. मी एक चाल धरली आणि ती सोडली नाही. दार वाजवायचं, ओरडायचं, पुढचं दार. जीव तोडून पळालो असतो तर पाचव्या घरापाशी माझा आवाजच बंद झाला असता. बायका कडेवर पोरं घेऊन निघाल्या. एक म्हातारी मात्र उंबऱ्यावरून हलेना.

"माजा अशोक बर्फाच्या कंपनीन हाय," ती म्हणाली. "तो आयल्याबगर मी जायची नाय."

"काय काम करतो?"

"मशीन चालवतंय."

म्हणजे कॉम्प्रेसर रूममधला तोच. मी तिला तसं सांगितलं नाही. "आमचे साहेब त्याला आणायला गेलेत," म्हणालो आणि तिला सरळ उचलून रस्त्यापर्यंत नेलं. मग उरलेली घरं केली.

परत आलो तेव्हा तिघं बाहेर निघाले होते. आमच्या जवानांची अवस्था वाईट होती. काळेचे डोळे मिटलेले, दुसरा ओकत होता, कुणाच्याही तोंडून नाव धड निघत नव्हतं. सुभेदारसाहेब नळापाशी वाकून उभे होते. मला बघून ताठ झाले. मी समोर उभा राहिलो, नेहमीसारखा.

"सुभेदार दौलत शेडगे," ते म्हणाले. नंबर सांगितला. मग "मुक्काम पोस्ट..." आणि श्वास तुटला. छाती भात्यासारखी हलत होती.

"गाव राहिलं, साहेब. दम खा."

"माणूस दिसलाय मला. पाय हलतोय त्याचा."

"मी जातो. माझा श्वास ठिकाणावर आहे."

"तुला आतली वाट म्हाईत न्हाई. धुरात चुकलास तर दोन हुडकाय लागतील." दोर कमरेला बांधत ते बोलत होते. "तू टोक धर. दोन झटके दिले की वढ."

"साहेब, गाव सांगा आणि जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

"आल्यावर सांगतो."

ओलं गोणपाट डोक्यावर ओढून ते आत गेले. दोर माझ्या हातातून सरकत राहिला. मग थांबला. मी मनात म्हणत होतो, हला, साहेब, हला. दोन झटके आले. मी ओढला. दोराला जडपणा होता, जोर लावल्यावर तो सरकला. दारात आला तो अशोक होता. साहेबांनी स्वतःचा दोर सोडून त्याच्या काखेतून बांधला होता.

मी श्वास कोंडून आत शिरलो. अशोकला ओढल्याने ओल्या फरशीवर माग पडला होता, तोच धरून गेलो. साहेब कॉम्प्रेसर रूमच्या दारात पालथे होते. बाहेर आणलं, पाणी मारलं. बंब आला, पाठोपाठ अॅम्ब्युलन्स आली. गाडीत मी त्यांचा हात धरून होतो. डोळे उघडे होते, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. संध्याकाळच्या आत ते गेले.

त्यांच्या गावाला मीच घेऊन गेलो. वाघजाईवाडी, तालुका पाटण. तिरडीबरोबर चढावर चालताना मला त्यांचा राग येत होता. सगळ्यांना थांबायला शिकवलं आणि स्वतः थांबले नाहीत. पण थांबले असते तर अशोक भोईर वाचला नसता, हेही मला कळत होतं. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

अशोक वाचला, पण छाती अधू झाली. जिना चढताना बसायचा. डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं, तेव्हा म्हातारीच त्याला मैदानावर घेऊन आली.

"उस्ताद, ह्याला चालवा," म्हणाली. "तुमच्या सायबांनी आनलाय तो."

मी त्याला आधी माझ्या पद्धतीने घेतला. एका लयीत, बोलत बोलत चालायचं. बांधापर्यंत पोचायलाच एक पावसाळा गेला. मग चालता चालता संथ धाव. तिथे गाडी अडली. डॉक्टरांची परवानगी घेतली आणि मी सुभेदारसाहेबांची शिट्टी बाहेर काढली. आधी वीस पावलं जोरात, मग नळापर्यंत चाल.

पहिल्या दिवशी तो नळापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "उस्ताद, मी फौजेन नवतो. माजा नंबर नाय. सायबांचा सांगू?"

मी मान हलवली. साहेबांचं नाव, नंबर, गाव, सगळं त्याला पाठ होतं. कुणाकडून घेतलं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी त्याचा श्वास नावावरच तुटला. पुढे कधी नंबराच्या मधे तुटायचा, कधी 'मुक्काम पोस्ट'वर. मी दर वेळी म्हणायचो, "दम खा." त्यात महिने गेले.

साहेबांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी आम्ही सगळे मैदानावर होतो. काळे होता, बाकीचे जवान होते, म्हातारी कट्ट्यावर बसली होती. अशोक शिट्टीवर पळाला, चालत नळापाशी आला आणि सावधान उभा राहिला.

"सुभेदार दौलत शेडगे," म्हणाला. नंबर सांगितला. "मुक्काम पोस्ट वाघजाईवाडी, तालुका पाटण."

सलग आलं, कुठेही न तुटता. आता मी "जा" म्हणायचं होतं. साहेबांना म्हणालो होतो, "गाव सांगा आणि जा." अशोक वाट बघत होता, सगळेच बघत होते.

"दम खा," मी म्हणालो. आणि नळ सोडून तोंड धुतलं.