दुबईच्या पाट्या आणि आमची माय

दुबईतला आमचा पहिला दिवस. २००४ चा डिसेंबर. धाकटा भाऊ संतोष तिकडं नोकरीला होता, त्यानं मला आणि मायला फिरायला बोलावलं होतं... जालन्याकडच्या राजूरजवळच्या आमच्या वस्तीवरून विमानात बसलेली पहिली बाई म्हणजे माय.

त्याच्या घरातून निघतानाच संतोषनं बजावलं, "माय, ताईचा हात सोडू नको. इथं सगळं अरबी नाहीतर इंग्रजी. चुकलीस तर पंचाईत होईल."

 मायनं लुगड्याचा पदर नीट केला आणि ती टॅक्सीत खिडकीची जागा धरून बसली.

मायला वाचता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत. गावाकडं एसटी आली की पाटी काय आहे, हे ती शेजारच्या माणसाला विचारायची. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही... तिलाही नाही.

सिग्नलला गाडी थांबली. माय समोरच्या इमारतीकडं बघून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, जप चाललाय.

"बे... नून... काफ..." ती जरा थांबली. "बनक. संतोष, ही बँक हाय का रे?"

संतोषनं मान वळवून बघितलं. बँकच होती! वर अरबी अक्षरं, खाली इंग्रजी.

"तुला कसं कळलं गं?"

"लिव्हलंय की तिथं," माय म्हणाली. इतकं सहज, की आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

खाडीजवळ उतरलो. तिथल्या एका गल्लीत ती पुन्हा थबकली. बोट वर करून अक्षरं जुळवायला लागली... "बे, काफ, अलिफ, लाम... बक्काल! किराण्याचं दुकान हाय हे." आमच्याकडं जुनी माणसं किराणावाल्याला बक्कालच म्हणायची. दुकानाच्या दारात तांदळाची पोती रचलेली होती.

आता मात्र मला राहवेना. खाडी पार करायला लाकडी होडीत बसलो आणि मी विचारलं, "माय, खरं सांग. हे तू कुठं शिकलीस?"

"शाळंत."

"तू शाळेत गेली होतीस?"

"गेल्ते की. निजामाचं राज्य व्हतं तवा. तुझ्या मामाच्या मागं मागं जायचे. मास्तर म्हनले, पोरगी हुशार हाय, बसू द्या. तवा शाळंत उर्दूच शिकवायचे, अक्षरं ही अशीच. दुसरीचं पुस्तक निम्मं झाल्तं..." होडीच्या इंजिनाच्या आवाजात ती मोठ्यानं बोलत होती. "मंग रझाकाराची धामधूम झाली. शाळा बंद पडली. पुन्यांदा उघडली तवा समदं मराठीत. अन् माझं लगीन ठरल्यालं."

संतोष म्हणाला, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"



"तुमच्या आज्याच्या कडब्याच्या गंजी रझाकारानं जाळल्या व्हत्या. घरातल्या मानसांना रानात लपून राहावं लागलं. त्या घरात सून म्हनून आले मी... तिथं मला उर्दू येतं म्हनू? गप बसले. पुढं गप बसायची सवयच लागली."

मग हसून म्हणाली, "अक्षराचा काय कसूर त्याच्यात? पन तवा कुनाला सांगनार."

त्या दिवसापासून आमची माय बदललीच म्हणा ना. संतोष कामावर गेला की मला म्हणायची, "चल, कुठं जायचं?" टॅक्सीत पुढं बसायची. जुना किल्ला बघितला, सोन्याचा बाजार बघितला, पण तिचं लक्ष सगळं पाट्यांवर. काही शब्द लागायचे, काही बिलकुल लागायचे नाहीत. ड्रायव्हर लाहोरचा निघाला तर विचारूनच घ्यायची, "भाई, ये क्या लिखेला हय?" तोही कौतुकानं सांगायचा... आणि मी मागच्या सीटवर निवांत.

निघायच्या आदल्या दिवशी संतोष म्हणाला, "माय, तुला काय घेऊ? बांगड्या बघू का?"

"पुस्तक घे. उर्दूचं. दुसरीचं."

शोधत शोधत एका पाकिस्तानी माणसाच्या दुकानात पोचलो. म्हातारा दुकानदार लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढत म्हणाला, "अम्मा, पोते के लिए चाहिए?"

"नय," माय ताठ मानेनं म्हणाली. "मेरेकूच होना. मेरा आधा रह गया था."

 म्हाताऱ्यानं दुसरीचं पुस्तक स्वतःच्या बाहीनं पुसलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं. संतोष काचेच्या दाराकडं तोंड करून उभा होता... बराच वेळ वळलाच नाही.

पुस्तक तिनं गावी येऊन पूर्ण केलं. ओसरीत बसून, मोठ्यानं वाचत. आज्याच्याच घरात. पुढच्या वर्षी माझ्या लेकीला म्हणाली, "आता मराठी बी शिकव बरं, हात लागलाय तर." तेही शिकली.

पुढं जालन्याच्या जुन्या बाजारातून आम्ही रिक्षानं जायचो, तेव्हा ती मला पाट्या वाचून दाखवायची. उर्दूतल्याही आणि मराठीतल्याही. त्या रस्त्यानं मी कॉलेजला असल्यापासून जात होते, पण वर उर्दूत काय लिहिलंय ते मला मायनं सांगितलं...

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुबईचा विषय निघाला की लोक मला विचारतात, काय काय बघितलं? उंच इमारती, वाळवंट, सोनं... सगळं बघितलं. पण मी एवढंच सांगते, मी तिथं माझ्या आईला वाचताना बघितलं.