रुईचा चीक

मार्गशीर्ष वद्य पंचमी, शनिवार. सकाळी सव्वासहाला माधवनगरहून दिनकरच्या सुनेचा फोन आला. "काका, आप्पा गेले... झोपेतच," एवढेच ती म्हणाली. मी चपला घातल्या आणि निघालो. सांगलीच्या एकाच शाळेत आम्ही निवृत्तीपर्यंत बरोबर नोकरी केली. तो जीवशास्त्र शिकवी, मी संस्कृत. आता महिना उलटला आहे, म्हणून लिहितो.

दिनकर माण तालुक्यातला. घराणे गुरवांचे, गावच्या मारुतीची पूजा त्यांच्याकडे. शनिवारची रुईच्या पानांची माळ वडील ओवीत आणि दिनकर शेजारी बसून पाने निवडून देई. शिकून तो गावच्याच शाळेत लागला. पहिल्याच वर्षी उत्क्रांतीचा धडा आला. माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच, असे त्याने वर्गात सांगितले. गावात ते पोचेपर्यंत 'आपला आजा माकड हुता' असे झाले होते. शनिवारी देवळाच्या पारावर कुणीतरी वडिलांना म्हणाले, "आवं गुरव, औंदा म्हाळाचं पान मारुतीलाच वाढा की. तुमच्या मास्तरच्या हिशेबानं त्योच आपला आजा." पार हसला. वडील हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी मुलाला विचारले, "माकड कुणाकडनं रं? तुझ्या आज्याकडनं का आजीकडनं?"

आणि दिनकरला हसू फुटले. हाच प्रश्न त्याने पुस्तकात वाचला होता. विलायतेत हा सिद्धान्त नवा असताना एका धर्मगुरूने भर सभेत त्याच्या पुरस्कर्त्याला हाच टोमणा मारला, असे सांगतात. तोच प्रश्न माणमधल्या एका ओसरीवर जसाच्या तसा यावा, याचे ते हसू होते. वडिलांना हे कुठून ठाऊक असणार? दुष्काळात खडी फोडून ज्या आईने त्यांना वाढवले, तिला पोरगा हसला, एवढेच त्यांना दिसले. "हितनं फुडं माळंला हात लावू नगंस," ते म्हणाले. त्यानंतर बोलणे थांबले. दिनकर गाव सोडून सांगलीला आला आणि पूजा धाकट्या भावाकडे गेली.

पुढे त्याने त्या काळातील वाद पुष्कळ वाचला. प्रवचने, निषेध, शास्त्रज्ञाचे डोके वानराच्या धडावर बसवलेली व्यंगचित्रे... वर्गात तो हे रंगवून सांगे, पण त्या सभेपाशी आला की थांबे. एकदा मला म्हणाला, "त्या धर्मगुरूला मी मूर्ख समजत होतो. पण माणसाला वानराचा राग येत नाही, गड्या. आजीला कुणी हसलं की येतो."

बऱ्याच वर्षांनी तो एका शनिवारी गावी गेला. वडिलांची नजर मंदावली होती. भाऊ देवळात होता आणि वडील ओसरीवर चाचपडत माळ ओवत होते. दिनकर न बोलता शेजारी बसला आणि पाने ओवू लागला. माळ पुरी झाली तेव्हा वडील म्हणाले, "हात धू रं. चीक डोळ्याला लागंल." बाकी काही नाही. त्याच आठवड्यात ते वारले.

"त्यांनी मला ओळखलं, का धाकटा समजले?" हे त्याने मला अनेकदा विचारले. ते कळण्यास मार्ग नाही, असे मी सांगत असे. त्यानंतर तो माधवनगरच्या खोलीत दर शनिवारी रुईची माळ ओवू लागला. देव मानत नसे. माळ खिडकीजवळच्या खिळ्याला लटके. पुढच्या शनिवारी ती उतरे, नवी चढे.

त्या दिवशी स्मशानातून परतल्यावर, आंघोळी उरकून, मी आणि त्याचा मुलगा त्या खोलीत गेलो. शुक्रवारी संध्याकाळी खुडलेली पाने ताटात होती, सुईत दोरा ओवलेला होता. दोघांनी पाने उचलून परसात जास्वंदीच्या बुडाशी टाकली. देठांचा पांढरा चीक दोघांच्याही बोटांना लागला. सून दारात उभी होती. "काका, आधी हात धुवा. डोळ्याला लावाल," ती म्हणाली.

नवऱ्याला ती काही म्हणाली नाही. तो लहानपणापासून वडिलांना रुई आणून देत आला होता. त्याला सांगण्याची गरज नव्हती.

मला दिनकरच्या वडिलांचे शब्द आठवले. धाकटा भाऊ तर दर शनिवारी ती पाने हाताळणारा. त्याला कोण सांगेल, हात धू म्हणून? हे सांगतात ते खूप दिवसांनी पानांना हात लावणाऱ्याला... दिनकरला एवढे सांगायचे राहिले.

मागच्या शनिवारची वाळलेली माळ खिळ्याला होती. ती तशीच राहू दिली. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले.