वानरांनी वाकवलेला कॅमेरा

ज्योतीताईचा फोन आला, "माणूस कमी पडतोय, येतोस का?" आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी पिशवी भरायला घेतली होती. ताई म्हणजे माझी मावसबहीण. डांगच्या डोंगरांतल्या राखीव जंगलात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधून तिथं कोणकोणते प्राणी राहतात, ते ती शोधते. बिबट्या, भेकर, साळिंदर, सगळे मिळाले होते. अडलं होतं चौशिंग्यापाशी. चार शिंगांचं, बकरीएवढं, भारी लाजाळू जनावर. गाववाले म्हणायचे, आम्ही पाहिलंय. फोटो मात्र एकही नाही. कॅमेरे परत करायला महिनाच उरला होता, आणि तोवर फोटो मिळाला नाही तर ताईला अहवालात लिहावं लागणार होतं : आढळला नाही.

सकाळी सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याहून बाइक काढली. कडोदऱ्यापर्यंत ट्रकांच्या मागे धूर खायची तयारी ठेवा. बारडोलीला पातरा, म्हणजे अळूवडी, खायला थांबलो. तिथं कुणीतरी म्हणालं, आतल्या रस्त्याला ताजा गूळ निघतोय. मग काय, गेलोच! दुपार तिथंच झाली. व्यारा सोडल्यावर मात्र रस्ता असा काही वळतो, की गाणं लावायचंही सुचत नाही. दोन्ही बाजूला साग आणि बांबू. पेट्रोल व्याऱ्यातच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. आणि परवानगीशिवाय जंगलात शिरू नका, नाक्यावरून परत पाठवतात.

मुक्काम सोन्याकाकांकडे. काका ताईला वाटा दाखवतात. रात्री नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि बांबूच्या कोंबाचं लोणचं. मी चार भाकरी हाणल्या.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी शेवटचा कॅमेरा बांधला. गुडघ्याच्या उंचीवर, पट्ट्याने झाडाला. समोरचं गवत कापायचं, नाहीतर वाऱ्याने हललेल्या गवताचेच फोटो निघतात. मग तपासणी. तपासणी म्हणजे कुणीतरी जनावर होऊन कॅमेऱ्यासमोरून चार पायांवर रांगत जायचं. लाल दिवा लागला की पास.

"अजून खाली वाक," ताई ओरडली. "चौशिंगा आहेस तू, म्हैस नाही!"

सोन्याकाका पोट धरून हसत होते.

ताई पुढे निघाली आणि मला एक कल्पना सुचली. मी कामाला आहे त्या पांडेसऱ्याच्या मिलमधली साडीची कतरण माझ्या पिशवीत असतेच. झगझगीत गुलाबी. परत येताना झाड सापडावं म्हणून मी ती फांदीला बांधली. काका म्हणाले, "सुरतवाला, झाडाला पन साडी नेसवली का?" मला वाटलं, कौतुकच केलं.

महिन्याच्या शेवटी कार्डं काढायला पुन्हा गेलो. झाड लगेच सापडलं, पण कतरण गायब, आणि कॅमेरा मान खाली घालून जमिनीकडे बघत लटकलेला.

ताईने तिथंच दगडावर लॅपटॉप उघडला. पहिला फोटो, वानर. दुसरा, वानराचे दात. मग एक पिल्लू गुलाबी कतरण गळ्यात घालून ऐटीत बसलेलं. पुढे वानरंच वानरं, कॅमेऱ्याला लोंबकळणारी.

"ही कतरण कुणाची?" ताईने विचारलं. तिचा आवाज इतका शांत होता की माझी टरकली.

"माझी."

ती फोटो सरकवत राहिली. जमीन. पाचोळा. पुन्हा जमीन. आता संपलंच, असं वाटत असताना तिचं बोट थांबलं. पहाटेचा काळापांढरा फोटो. चार बारीक पाय आणि पोटाची कड. बस.

"भेकर का?" मी भीत भीत विचारलं.

"भेकराला अशी पट्टी नसते." पायाच्या पुढच्या बाजूने खालपर्यंत काळी पट्टी उतरली होती. ताई ताडकन उठली, "काका, चौशिंगा!" म्हणाली आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी ओढ्यात पडता पडता वाचलो. "गाढवा, तुझी चिंधी नसती तर तोंडही आलं असतं!"

तिच्या सरांनीही फोटो बघून होकार दिला. अहवालात आता चौशिंगा आहे.

घरी आलो. मिलमध्ये दोन खाडे पडलेले, आणि तरी रस्त्याने चालताना कुत्र्याच्यासुद्धा पायांकडे बघतोय. आई पोळ्या लाटत होती. तिने आमच्या अहिराणीत विचारलं,

"काय देखं रे जंगलमा?"

"पाय."

"कोना पाय?"

"चौशिंगाना."

"आन तोंड?"

"तोंड नही."

लाटणं थांबलं. मी मोबाइलवर फोटो मोठा करून ती पट्टी दाखवली. आईने पिठाचे हात लुगड्याला पुसले, मोबाइल हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि दारात जाऊन शेजारणीला हाक मारली, "ये व बाई, चौशिंगाना पाय देख!"