युनूसचा उजवा हात

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आक्काला नाही, दाजींना तर नाहीच. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हाही मन या गोष्टीपाशी आलं की घाईघाईनं प्रदक्षिणा उरकून बाहेर पडतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलाच तर एवढंच, की कसबा बावड्यात मोटारपंप आणि पाइपांचं दुकान असलेला, तोंडानं फटकळ, अंगानं दांडगा, पण मनानं साफ असा माणूस. मनानं साफ! कुणी असं म्हटलं की मी हसतो. दुसरं काय करणार?

राग मला लहानपणापासून आहे. आई म्हणायची, संभाचा हात आधी सुटतो आणि डोकं मागनं येतं. शाळेत दोघांचे दात पाडले, लग्नाच्या वरातीत एका बँडवाल्याचं क्लॅरिनेट गुडघ्यावर मोडलं, गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवरून खाली ढकललं. लोकांनी प्रत्येक वेळी पोटात घातलं. आमच्याकडं रागीट माणसाला फार माफी असते हो. तो रागीट आहे म्हणजे जे आहे ते तोंडावर बोलतो, त्याच्या पोटात काही राहत नाही, असा एक समज आहे. मी सात वर्षं त्या समजावर जगतोय.

गाडीचं सांगतो. गाडीपासूनच सुरू करायला हवं.

जर्मन गाडी. काळी, उंच, रस्त्यानं गेली की टपरीवरची माणसं हातातला चहा तसाच धरून बघत राहतात, त्यातली. पुण्यातल्या कुणा बिल्डरनं वापरून टाकलेली, एका दलालाच्या आवारात धूळ खात उभी होती. नवी घ्यायची तर माझं दुकान आणि राहतं घर दोन्ही गेलं असतं. ही मिळत होती एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात. एवढी स्वस्त का, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दलालानं लपवलंही नाही. म्हणाला, साहेब, हिचं काम निघणार आहे, बघून घ्या. मी बघून घेतली — आणि घेतली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळ्या गावाला मी याच्या उलट सांगितलं.

बावड्यात आणली तेव्हा निम्मा गाव दारात. फटाके झाले, पेढे झाले. पोरं आरशात बघून केस सारखे करत होती. रोज सकाळी मात्र गाडी मागून खाली बसलेली असायची, बसलेल्या म्हशीसारखी, आणि चालू केली की हळूहळू उठायची. मी लोकांना सांगितलं की ती तशीच असते, जर्मन लोकांची सोय आहे. लोकांना पटलं.

युनूसला पटलं नाही. युनूस मिस्त्री — माझा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसलो, एका तालमीत घुमलो. वडिलांचं गॅरेज त्यानं पुढं चालवलं. त्याची खासियत म्हणजे कान. गाडी चालू ठेवायला सांगायचा, बाजूला उभा राहून डोळे मिटायचा, आणि मग अचूक एकाच जागी पाना घालायचा. उजव्या हातानं. त्या हातानं उघडलेलं इंजिन पुन्हा तसंच्या तसं बसायचं. कोल्हापुरात असे फार नाहीत.

दोन दिवस त्यानं गाडी ठेवून घेतली. मग फोनवर बोलून एक निरोप पाठवला. लिहायचा त्याला कंटाळा. तो निरोप मला पाठ आहे. "संभा, गाडी दिसायला राणी हाय, पर आतनं कुजलीया. गिअरबॉक्स तापला की सुटतोय. उतारावर गाडी अंगावर येणार, समदा भार ब्रेकवर, आन् ब्रेकच्या डिस्का झिजून पत्रा झाल्यात. पुण्यासनं पार्ट येऊस्तवर गावात मिरव. घाट मातर चढायचा न्हाई. चढलास तर उतरू नगंस, तितंच सोड आन् यष्टीनं घरला ये."

तीनदा ऐकला मी. ऐकून अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आता आमच्याकडची रीत. गाडी नवी असो की चार हात फिरलेली, घरात आली की आधी जोतिबाच्या डोंगरावर जाते. पुजारी बॉनेटवर गुलाल टाकतो, हार पडतो, मग ती गाडी तुमची. तोवर ती नुसती दारात उभी असते. पहिला रविवार मी टाळला. दुसराही टाळला. जो तो विचारायचा, जोतिबाला कवा? काय सांगणार होतो? की ही गाडी घाट उतरत नाही? पेढे वाटून झाल्यावर? आक्काचे मालक, आमचे दाजी, मोठे चेष्टेखोर. चारचौघांत म्हणाले, "काय पावणं, गाडी देवाला भितीया का तुमी?" सगळे खो-खो हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, येत्या रविवारी. आणि दाजी, तुम्ही माझ्याशेजारी पुढं बसायचं.

मी बसवलं त्यांना. हट्टानं.

जाताना काही झालं नाही. गुलाल पडला, नारळ फुटला, फोटो निघाले. बायको आणि आक्का मागं दुसऱ्या गाडीत होत्या. उतरताना दुसऱ्या वळणावर इंजिन एकदम किंचाळलं आणि गाडी सुटली. मी ब्रेकवर उभा राहिलो — अक्षरशः उभा. जळका वास आला, मग पाय नुसताच खाली गेला. दाजी अजून काहीतरी बोलत होते, अर्ध्या वाक्यात थांबले. माझ्या बाजूला दरी होती. त्यांच्या बाजूला डोंगर. मी डोंगरावर घातली. ते ठरवून केलं नाही, तेवढा वेळच नव्हता, पण घातली मीच.

त्यांची बाजू आत आली. पत्रा, काच, डॅशबोर्ड, सगळं त्यांच्या डाव्या पायावर. पहारी आणून लोकांनी दार फाकवलं, तासभर लागला. दाजी आधी ओरडत होते, मग आईला हाका मारत होते, मग गप्प झाले. ते गप्प झालेलं मला ओरडण्याहून वाईट वाटलं. माझ्या कपाळाला एक खोक पडली होती, बस. दाजींचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

इस्पितळात आक्कानं माझ्या सदऱ्याला दोन्ही हातांनी धरलं. "गाडी कुणी बघितली हुती?" मी म्हणालो, युनूसनं. हे खरं होतं. "मग काय म्हनला त्यो?"

इथं थांबतो जरा. कारण सगळं इथंच आहे. माझ्यापुढं दोन वाक्यं होती. एक बोललो असतो तर आक्कानं मला जन्मात तोंड दाखवू दिलं नसतं. दुसरं जिभेवर तयार होतं, जणू घाटातच जुळवून ठेवलं होतं. मी म्हणालो, "म्हनला, ठणठणीत हाय, बिनघोर जावा."

आक्का तिथंच खाली बसली आणि युनूसच्या नावानं बोटं मोडायला लागली. मी जिन्यात गेलो आणि माझ्या फोनवरचा त्याचा निरोप पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो. एकटा नाही. दाजींचे भाऊबंद, गल्लीतली माणसं, तीसेक जण असतील. मी कुणाला या म्हटलं नव्हतं. पण नको तरी कुठं म्हटलं? युनूस एका टेम्पोखाली झोपून काम करत होता. आम्हाला बघून बाहेर आला, हात पुसले, आणि पहिलं विचारलं ते हे — "दाजी कसं हायत?"

मी थोबाडीत मारली. तो टेम्पोवर आदळला. दुसरी मारली. तिसरी पोटात. त्यानं हात उचलला नाही माझ्यावर, आणि तो तालमीत मला कितीतरी वेळा चितपट करून गेलेला गडी होता, उचलला असता तर मी पडलो असतो. ओठ फाटला होता त्याचा. म्हणाला, "संभा, तुला सांगितलं हुतं की रं." आणि खिशातून फोन काढला.

गर्दी जवळ सरकली. लोकांना वाटलं, ऐकू तरी काय म्हणतोय. तो उजव्या हातात फोन धरून अंगठ्यानं शोधत होता. मला दिसत होतं, आता सापडेल. आता तीस माणसांत त्याचा आवाज घुमेल, घाट मातर चढायचा न्हाई. शेजारी कामाच्या बाकावर मोठा पाना पडला होता. मी त्याचं मनगट धरून हात बाकावर दाबला आणि पाना घातला. फोनवर. बोटांवर. दोन्ही एकाच जागी होतं.

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात झालं. सगळे तसंच म्हणतात. पण मी पुन्हा का मारला ते ऐका. पहिल्या घावानंतर फोनचा उजेड चालूच होता, म्हणून. दुसऱ्या घावानं उजेड गेला. तिसरा मी नुसता हातावर मारला. फोन तोवर तुकडे होऊन खाली पडला होता. तिसऱ्याला काही कारण नव्हतं, एवढंच की माणसं बघत होती आणि आता थांबलो तर कुणीतरी विचार करायला लागेल, असं मला वाटलं. हाड मोडल्याचा आवाज आला. युनूस ओरडला नाही. माझ्याकडं बघत राहिला — त्याला सगळं कळलं होतं.

मागून कुणीतरी त्याच्या जातीधर्मावरून शिवी हासडली. मग आणखी दोघांनी. ते सुद्धा सांगायला हवं. त्या शिव्या मी ऐकल्या आणि मला बरं वाटलं. त्याचं नाव युनूस होतं हे मला सोयीचं पडलं. आता मला काही बोलावंच लागणार नव्हतं. ज्याच्या घरी मी दर ईदेला शीरखुर्मा ओरपून आलो, त्याच्या गॅरेजच्या काचा फुटताना, कंप्रेसर रस्त्यावर ओढला जाताना मी बाजूला उभा राहून घाम पुसत होतो.

इस्पितळात युनूसनं सांगितलं, जॅक निसटला. पोलिसांनाही तेच सांगितलं. मला वाचवायला? की आणखी काही पेटू नये म्हणून, घरात बायको-पोरी होत्या म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारायला त्याच्या दारात जावं लागलं असतं.

त्याची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. गॅरेज गेलं. बोटं बरी असती तरी गेलंच असतं म्हणा, कारण पाय घालवणारा मिस्त्री म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि ते नाव मीच फिरवत होतो. लग्नाच्या पंगतीत, दुकानाच्या कट्ट्यावर. दाजी कुबडी बाजूला ठेवून बसलेले असायचे आणि मी त्यांच्यासमोर युनूसला शिव्या घालायचो. ते मला म्हणायचे, जाऊ दे संभा, जीव जाळून घेऊ नगंस. माझी समजूत घालायचे दाजी. ऐकताय ना?

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती एक सकाळ होती. डोकं ठिकाणावर नव्हतं, झोप नव्हती, डोळ्यांपुढं रक्त होतं. त्या एका सकाळचं पाप. हेच सांगून इथं थांबलो असतो, तर तुम्हीही कदाचित मला पोटात घातलं असतं.

पण गेल्या महिन्यात दुकानात फोन आला. वारणानगरकडचा एक वाहतूकदार, दुधाचे टँकर आहेत त्याचे. गाडी रस्त्यावर सोडायच्या आधी नुसती ऐकून दोष सांगेल असा माणूस त्याला हवा होता. म्हणाला, "पावणं, युनूस मिस्त्री म्हणून एक गडी आलाय. हातानं अधू हाय, पर कान लई तयार. तुमचा नंबर त्यानंच दिला. म्हनला, माझ्याबद्दल इचारायचं असंल तर संभाला इचारा, खरं काय ते त्याला म्हाईत हाय."

सकाळचे अकरा वाजले होते. पंखा चालू होता. मी नुकताच चहा घेतला होता. मागं तीस माणसं नव्हती, आक्का समोर नव्हती, अंगात राग नव्हता. एक अनोळखी माणूस शांतपणे विचारत होता, आणि युनूसनं, एवढं सगळं होऊन, माझा नंबर दिला होता.

मी म्हणालो, "माणूस चांगला हाय. पर गाडी त्याच्या भरवशावर सोडू नगा. आमच्या दाजींचा पाय गेलाय."

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंसा. उपकार झालं."

मी म्हणालो, उपकार कसले. फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला अडीच इंची पाइप मापून दिला.